खात्री केलीस का?



दिवेलागण झाली आहे. कुणाची भाकरी तव्यावर असेल, कुणी धारा काढत असेल. काम चालू राहू द्या. रेडिओचं हेच बरं असतं, कान दिले की झालं, हात मोकळे राहतात.

मी तुमच्यातलीच. आपल्या भागातल्या बचत गटांची समन्वयक म्हणून तुम्ही मला ओळखता. महिन्याच्या बैठका, बचतीच्या वह्या, कर्जाचे हप्ते, बँकेचे कागद, हे माझं रोजचं काम. त्याखेरीज आठवड्यातले दोन दिवस मी या रेडिओ केंद्रावर येते. आता दोन वर्षं होतील. बैठकीत मला नेहमी एक प्रश्न येतो. "रेडिओवर बोलते ती कोण हे कळलं. पण आत ती दुसरी ताई कानाला हेडफोन लावून बसलेली असते, ती नेमकं काय करते?" त्या दुसऱ्या ताईला कार्यक्रमाची निर्माती म्हणतात. आज तिच्या कामाबद्दल बोलणार आहे. आणि ते सांगायचं तर आधी माझी एक चूक सांगायला हवी.

मी केंद्रावर यायला लागले त्याला तीन महिने झाले होते. माइकची भीती गेली होती. खरं सांगायचं तर भीतीबरोबर थोडं भानही गेलं होतं. एके दिवशी मोबाइलवर निरोप आला, तालुक्याच्या गावी गुरुवारी डोळे तपासणीचं शिबिर आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत. निरोप तिसऱ्या का चौथ्या हातानं आलेला. मी तो कागदावर उतरवला आणि संध्याकाळच्या सूचनांमध्ये वाचून टाकला. 'येत्या गुरुवारी' असं म्हणाले. शिबिर होतं त्याच्या पुढच्या गुरुवारी.

वरच्या वाडीतल्या नऊ बाया त्या गुरुवारी निघाल्या. कांदा काढणीचे दिवस. प्रत्येकीनं त्या दिवसाचा रोज बुडवला. वडापचं जायचं-यायचं भाडं भरलं. त्यातल्या एकीनं डोळ्यांनी अधू झालेल्या सासूबाईंना हाताला धरून नेलं होतं. तिथं गेल्यावर शिपाई म्हणाला, आज काही नाही. दुपारपर्यंत झाडाखाली बसून त्या परत आल्या.

पुढच्या बैठकीत ती सून माझ्यासमोर उभी राहिली. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मोबाइलवर आलं असतं तर मी निघालेच नसते. तिथं रोज काहीतरी खोटं येतं. पण रेडिओवर तुझा आवाज होता, म्हणून निघाले."

मैत्रिणींनो, मी बी.ए. झाले तेव्हा जे शिकले नाही ते त्या वाक्यानं शिकले. छापलेल्या कागदापेक्षा माणूस ओळखीच्या आवाजावर जास्त भरवसा ठेवतो. आणि तो भरवसा मी माझ्या पदरचा समजून खर्च केला होता.

आमच्या निर्माती ताईंनी मला दोन गोष्टी करायला लावल्या. एक, त्याच वेळेला, त्याच सूचनांमध्ये, चूक माझी होती असं स्पष्ट सांगायचं. "तांत्रिक अडचणीमुळे" वगैरे शब्द वापरायचे नाहीत. दुसरी, वाडीवर स्वतः जायचं. मी गेले. दोघींनी चहा दिला, बाकीच्यांनी दार लोटून घेतलं. तेही बरोबरच होतं.

त्यानंतर ताईंनी माझ्या हातात एक शंभर पानी वही दिली. वर लिहिलं होतं, 'खात्रीची वही'. आपल्या गटाची जशी कर्जवही असते ना, तशी. सूचना कुठलीही असो, आधी या वहीत चार खाणी भरायची. निरोप कुणी दिला? त्याला तो स्वतःला ठाऊक आहे की त्यानंही ऐकलेला? ज्याचं काम आहे त्या कार्यालयातल्या माणसाशी आपण बोललो का, आणि किती वाजता? चौथं, तारीख आणि वार दोन्ही जुळतात का? 'येत्या', 'पुढच्या', 'परवा' असले शब्द सूचनेत चालत नाहीत. कार्यक्रम सकाळी परत लागतो, तेव्हा 'परवा'चा अर्थ बदलतो. म्हणून तारीख, वार, वेळ, ठिकाण आणि बरोबर कोणते कागद न्यायचे, हे सगळं आणि दोनदा. चार खाणी भरली नाहीत तर सूचना वाजत नाही, मग ती सरपंचांनी दिलेली असो की माझ्या सख्ख्या भावानं.

निर्मातीच्या कामाची ही पहिली पायरी. बोलणं पुढचं, खात्री आधीची.

आता तुम्ही म्हणाल, मग रेडिओवर बातम्या का देत नाही? पाण्याच्या, रस्त्याच्या, निवडणुकीच्या? यात थोडा नियमाचा भाग आहे, तो समजून घेऊ.

आपल्या देशात रेडिओ तीन प्रकारचे आहेत. पहिली आकाशवाणी, ती सार्वजनिक. मुंबईचं केंद्र १९२७ साली सुरू झालं, पुण्याचं १९५३ साली. दुसरे खासगी एफएम, गाणी आणि जाहिराती लावणारे. तिसरा प्रकार आपला, सामुदायिक रेडिओ. त्याचा मनोरा लहान, ताकद शंभर वॅट. साधारण दहा-पंधरा किलोमीटरच्या घेऱ्यात ऐकू येतो. म्हणजे एका मोठ्या बाजाराला जेवढी गावं येतात, जवळपास तेवढ्या गावांचा हा रेडिओ.

याची सुरुवात कशी झाली ते ऐकण्यासारखं आहे. क्रिकेटचे सामने कुणी दाखवायचे यावरून एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. ९ फेब्रुवारी १९९५ ला त्याचा निकाल लागला. निकाल देणाऱ्यांत आपले मराठी न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. न्यायालयानं सांगितलं की हवेतल्या ज्या लहरींवरून आवाज जातो त्या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत. गायरान जसं गावाचं, तशा या लहरी लोकांच्या. नंतर आधी शिक्षणसंस्थांना आणि २००६ सालापासून स्वयंसेवी संस्थांनाही असं केंद्र काढायची मुभा मिळाली. २००८ साली आपल्या सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं आपलं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला, ग्रामीण महिला दिनी, तेव्हाच्या आंध्र प्रदेशात आणि आताच्या तेलंगणात, माचनूर गावी 'संघम रेडिओ' सुरू झाला. तो दलित शेतकरी बाया चालवतात. 'संघम' म्हणजे तिकडचे बायांचे गट. आपण इथं बचत गट म्हणतो, तसंच.

नियम असा आहे की सामुदायिक रेडिओनं स्वतःच्या राजकीय बातम्या द्यायच्या नाहीत. पण त्याच नियमात एक मोठी यादी दिली आहे, ती बातमी धरली जात नाही. हवामान, पाणीपुरवठा, वीजपुरवठा, रहदारी, रोगराईची सूचना, पूर-भूकंपासारखं संकट, परीक्षांचे निकाल, प्रवेश, नोकरीच्या जागा, गावची जत्रा, सण, खेळ. आता सांगा, तुमच्या-माझ्या रोजच्या जगण्यातलं यात काय राहिलं? टँकर कोणत्या वस्तीवर कधी येणार, हे आपण सांगू शकतो. तो कोणत्या पक्षामुळे अडला, यावर आपण बोलत नाही. सुरुवातीला मला हे बंधन वाटायचं. आता वाटतं, 'उद्या टँकर सकाळी सातला खालच्या वस्तीवर' हे एक वाक्य खरं आणि वेळेवर पोचवणं हेच अवघड काम आहे. ते नीट जमलं तरी पुष्कळ झालं.

निर्माती ताईंचा दिवस मी जवळून बघते. सकाळी आल्या आल्या त्या पाच-सहा फोन करतात. पाणीपुरवठा, वीज मंडळाचं कार्यालय, आरोग्य उपकेंद्र, शाळा, बाजार समिती. मग दिवसाचा तक्ता लिहितात. किती वाजता काय, किती मिनिटांचं, आवाज कुणाचा. नियमानं निम्मा तरी कार्यक्रम इथंच तयार झालेला हवा. म्हणून रोज कुणीतरी गावात जायचं, रेकॉर्डिंग आणायचं, ते संगणकावर ऐकायचं, कापायचं, जोडायचं. वाजलेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा लागतो. हे लक्षात ठेवा. आमचं काही चुकलं, कुणाबद्दल वावगं बोललं गेलं असं वाटलं, तर त्या मुदतीत या. तो कार्यक्रम परत लावून, समोर बसून ऐकता येतो.

मी पहिल्यांदा रेकॉर्डिंगला गेले ती आपल्याच एका गटात. सगळ्या जणी हौसेनं नटून बसलेल्या. मी एकीला विचारलं, "ताई, गटामुळे तुमचा फायदा झाला का?" ती म्हणाली, "हो, झाला." दुसरीला विचारलं, "तुम्हाला गट आवडतो का?" ती म्हणाली, "हो, आवडतो." दहा मिनिटांत मी दहा 'हो' घेऊन परत आले. निर्माती ताईंनी ऐकलं आणि हसल्या. म्हणाल्या, "तू प्रश्नातच उत्तर बांधून दिलंस, मग त्या दुसरं काय बोलणार? पहिलं कर्ज कशाला घेतलं ते विचार. घरी आधी काय म्हणाले ते विचार. पैसे कुठं ठेवले होते ते विचार. आणि विचारलं की गप्प बस."

गप्प बसणं हे निर्मातीचं दुसरं मोठं काम. समोरची बाई थांबली की आपल्याला राहवत नाही, आपण लगेच मध्ये बोलतो. पण ती थांबते तेव्हा बहुतेक वेळा आठवत असते. मनात पाच आकडे मोजायचे. पाचाच्या आत ती बोलते, आणि जे बोलते ते आधीच्यापेक्षा खरं असतं.

दुसऱ्या वेळी एका ताईंनी सांगितलं, "कर्ज मिळालं, चार शेळ्या घेतल्या, चांगलं झालं. पण दोन मेल्या, आणि हप्ता काही थांबला नाही." केंद्रावर आल्यावर मी संगणकावर 'चांगलं झालं' इथंच कापलं. चाळीस मिनिटांचं बोलणं आठ मिनिटांत बसवायचं होतं आणि मला गटाचं कौतुक व्हायला हवं होतं. निर्माती ताईंनी कापलेला तुकडा परत जोडला. म्हणाल्या, "अडखळणं काप, खोकला काप, तेच तेच आलं तर काप. 'पण' कापू नकोस. माणसाचं खरं 'पण'च्या पुढे असतं."

तो कार्यक्रम पूर्ण वाजला. दोन मेलेल्या शेळ्यांसकट. दुसऱ्या दिवशी तीन गटांतून फोन आले, शेळ्यांना लस कधी द्यायची, विमा कसा काढायचा? मग पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावून तो कार्यक्रम केला. मी कापलं होतं तसंच राहिलं असतं तर एक गोड कार्यक्रम झाला असता आणि कुणाच्या शेळीला काही उपयोग झाला नसता.

आता थोडं आपल्या गाण्यांबद्दल, कारण निर्मातीचं निम्मं काम तेच असतं. जत्रेतला ढोल, भजन, भारूड, भोंडल्याची गाणी, बारशाचा पाळणा, आणि जात्यावरच्या ओव्या. आपल्याला वाटतं ओवी म्हणजे अडाणी बायांचं गुणगुणणं. पण पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी प्वातवां या दोघा अभ्यासकांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं या ओव्या गोळा करण्यात घालवली. हजाराहून अधिक गावांतून, एक लाखाहून जास्त ओव्या. कुणी गायली आणि ती कोणत्या गावची, हे सगळं लिहून ठेवलं. म्हणजे जी बाई सातबाऱ्यावर नाही, घराच्या पाटीवर नाही, तिचं नाव तिथं तिच्या ओवीपुढे आहे.

हे ऐकून मलाही हुरूप आला. आमच्या भागात एक काकू आहेत. त्यांचं नाव सांगणार नाही, का ते पुढे कळेल. वय सत्तरीच्या पुढे. गळा असा की पहिल्या ओवीलाच माणूस हातातलं काम ठेवतो. मी रेकॉर्डर घेऊन गेले. टीव्ही बंद केला, पंखा बंद केला, बांगड्या वाजू नयेत म्हणून त्यांनी हात मांडीखाली धरले. त्यांनी आईच्या ओव्या म्हटल्या, विठ्ठलाच्या म्हटल्या, लेकराच्या म्हटल्या. मग थोडं थांबून भावाच्या सुरू झाल्या. वडलांच्या माघारी जमिनीच्या कागदावर अंगठा घेतला आणि त्यानंतर माहेरचा रस्ता कसा लांब झाला, अशा अर्थाच्या. त्या जुन्या नव्हत्या. त्यांच्या स्वतःच्या होत्या, तिथं बसल्या बसल्या सुचलेल्या. माझ्या अंगावर काटा आला. आणि खरं सांगते, त्याच क्षणी मनात आलं, काय जबरदस्त कार्यक्रम होईल!

केंद्रावर आल्यावर निर्माती ताईंनी ते दोनदा ऐकलं. मग म्हणाल्या, "उद्या परत जा. हे सगळं त्यांना हेडफोन लावून ऐकव. आणि विचार, यातलं काय वाजवायचं."

मला ते पटलं नाही. मी म्हणाले, "त्यांनी स्वतःहून म्हटलं, रेकॉर्डर समोर होता." ताई म्हणाल्या, "त्या तुझ्यासमोर बोलल्या. पंचवीस गावांसमोर बोलल्या नाहीत. त्यांचा भाऊ आपल्या घेऱ्यातल्याच गावात राहतो, हे तुला ठाऊक आहे ना?"

मी गेले. काकूंनी स्वतःचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. आधी लाजल्या, मग हसल्या. भावाच्या ओव्या आल्या तेव्हा डोळे मिटून ऐकलं. हेडफोन काढून म्हणाल्या, "एवढं काढून टाक बाई. वर्षातून एकदा भाऊबीजेला तरी येतो तो. तेही बंद होईल."

आम्ही तो तुकडा कार्यक्रमातून काढला, संगणकावरूनही पुसला. सांगायला हरकत नाही, त्या वेळी मला वाईट वाटलं होतं. इतकं चांगलं रेकॉर्डिंग आजवर माझ्या हातून दुसरं झालेलं नाही. पण ते दुःख त्यांचं होतं, माहेरही त्यांचं होतं. ते मोडून मला शाबासकी मिळवता येणार नव्हती.

गोष्ट तिथं संपली असती. पण महिन्याभरानं काकूच माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "माझं नाव घेऊ नकोस. पण लेकीचा जमिनीवर हक्क असतो का नसतो, हे एकदा रेडिओवर सांग. कुणा वकिलाला विचारून सांग." त्यावर आम्ही दोन भागांचा कार्यक्रम केला. एका वकील ताईंनी समजावून सांगितलं की हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा देणारा बदल महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली झाला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं आणखी स्पष्ट केलं की हा हक्क मुलीला जन्मानंच मिळतो, २००५ साली वडील हयात होते की नाही यावर तो ठरत नाही. हक्कसोड पत्र म्हणजे काय, ते वाचून घेतल्याशिवाय अंगठा का देऊ नये, हेही त्यांनी सांगितलं. आणि आपलं प्रकरण वेगळं असू शकतं, आपले कागद घेऊन तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा, तिथं बायांना मोफत सल्ला मिळतो, हे शेवटी सांगितलं.

त्या कार्यक्रमानंतर जेवढे फोन आले तेवढे आजवर कुठल्याच कार्यक्रमाला आले नव्हते. बहुतेकींनी नाव सांगितलं नाही. काकूंची ओवी वाजली नाही, पण ओवीतला प्रश्न घराघरात पोचला. निर्माती ताई मला म्हणाल्या नाहीत, "बघ, मी सांगत होते." त्यांनी फक्त पुढच्या आठवड्याचा तक्ता माझ्यापुढे सरकवला.

मैत्रिणींनो, आता तुमच्यासाठी चार कामाच्या गोष्टी.

पहिली. रेडिओ एकटीनं ऐकू नका, गटानं ऐका. ही कल्पना नवी नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं आपल्याच भागातल्या सुमारे दीडशे गावांमध्ये शेतकऱ्यांची श्रोता मंडळं काढली होती. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे. मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायची, त्यावर चर्चा करायची, शंका केंद्राला कळवायची आणि पटलेलं शेतात करून बघायची. हा प्रयोग इतका गाजला की पुढे तो देशभर नेला. आपली तर बैठक ठरलेलीच असते. बचत गोळा झाली की पंधरा मिनिटं कार्यक्रम ऐका, दहा मिनिटं बोला आणि काय ठरलं ते इतिवृत्तात लिहा. शंका उरली तर ती आमच्याकडे पाठवा. तीच आमच्या पुढच्या कार्यक्रमाची सुरुवात असते.

दुसरी. गावातली माहिती पाठवायची तर पाच गोष्टी पाठवा. काय, कुठं, कोणत्या तारखेला आणि वाराला, किती वाजता, आणि खात्रीसाठी कुणाला फोन करायचा. ही पाचवी नसेल तर सूचना वहीतच अडकते. आम्ही उलट फोन करून विचारलं तर रागावू नका. तुमच्यावर अविश्वास म्हणून विचारत नाही, त्या नऊ बाया आठवतात म्हणून विचारतो.

तिसरी. मोबाइलवर रेकॉर्डिंग करून पाठवणार असाल तर फोन आधी फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर मध्येच घंटी वाजते. फोन तोंडापासून एक वीत लांब धरा. वाऱ्याकडे पाठ करा. टीव्ही, पंखा, मिक्सर बंद ठेवा, आणि कुकर लावला असेल तर शिट्या होऊ द्या, मग बोला. बोलणं झालं की अर्धा मिनिट कुणी काही न बोलता फोन तसाच चालू ठेवा. तुम्हाला वाटेल हे कशाला? प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते. गोठ्यातली वेगळी, ओसरीवरची वेगळी. मध्ये कुठं काही कापावं लागलं तर तीच शांतता तिथं जोडावी लागते, नाहीतर ऐकणाऱ्याला ठेच लागल्यासारखं होतं. आणि दुसऱ्या कुणाचा आवाज पाठवताना तिला विचारलं आहे ना, हे पाठवताना कळवा. विचारलं नसेल तर पाठवू नका.

चौथी. केंद्रात काय वाजावं हे ठरवायला एक सल्लागार समिती असते. २०२४ च्या नव्या नियमांनुसार तिच्यात निम्म्या महिला असायला हव्यात. ती जागा मानाची म्हणून नका बघू, कामाची म्हणून बघा. ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. नाव सुचवताना जिला छान बोलता येतं तिचंच सुचवू नका. जिला गावातल्या बाकीच्या जणी मोकळेपणानं सांगतात, तिचं सुचवा.

थांबते आता, भाकरी करपायची कुणाचीतरी.

वाडीवरच्या त्या सुनेचं मात्र सांगायचं राहिलं. पुढच्या गुरुवारी शिबिर झालं तेव्हा ती गेली नाही. आणखी एक रोज बुडवणं तिला परवडणारं नव्हतं. सासूबाईंचा डोळा पुढे चार महिन्यांनी दुसऱ्या शिबिरात झाला. ते चार महिने त्या माउलीनं चाचपडत काढले, आणि त्यातला माझा वाटा मला पुसता येत नाही. ती सून अजून आपला रेडिओ ऐकते. सूचना संपल्या की बऱ्याचदा तिचा फोन येतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही. एकच प्रश्न विचारते, "खात्री केलीस का?"

मी वही उघडते आणि चारही खाणी तिला वाचून दाखवते.